शोधगंगेत आधी संदर्भसूची उघडा

प्रबंधासाठी संदर्भ शोधताय? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ हे संकेतस्थळ आधी उघडा. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध तिथे बहुतेक वेळा प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. मी प्रस्तावनेआधी संदर्भसूचीची फाइल उतरवते. आयती यादी! (मराठी विषय देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधा.)

मग गूगल स्कॉलरवर जा, पण तिथे अख्खा प्रश्न टाकू नका. नेमका शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, पर्यायी शब्दांमध्ये इंग्रजी कॅपिटल अक्षरांत ‘ऑर’ लिहा. खरी मजा मात्र निकालाखालच्या ‘साइटेड बाय’मध्ये आहे. एखादा जुना, पायाभूत लेख पुढे कोणी वापरला, कोणी खोडून काढला, ते तिथे सापडतं. ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली की फक्त तो लेख उद्धृत करणाऱ्या लेखांमध्ये शोधायची चौकटही दिसते. ती टिक करा आणि तुमच्या विषयाचा शब्द टाका.