छंद कोणाचा, राबणे कोणाचे?

टीव्हीला शिव्या घालणे ही आपल्या चळवळीतली जुनी सवय आहे. वक्ता उभा राहिला की बुवा-बाबांच्या मालिका, सासू-सुनांची कारस्थाने आणि बातम्यांतला आरडाओरडा यांचा उद्धार करतो, टाळ्या घेतो. टाळ्या वाजवणारे घरी जाऊन तोच टीव्ही लावतात. त्या मालिकांवर आज आम्हाला लिहायचे नाही. ज्यांना सगळे निरुपद्रवी समजतात त्या कार्यक्रमांवर लिहायचे आहे. चित्रकला, हस्तकला, पाककृती, बागकाम, प्रवास, इतिहास, प्राणी-पक्षी. मुलांनी हे पाहावे असे आपणच सांगतो. ज्ञान वाढते म्हणतो. ज्ञान वाढते हे खरे, पण कोणाचे ज्ञान आणि कोणाबद्दलचे, हा प्रश्न आपण कधी विचारत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी रत्नागिरीत असा पाऊस लागला की घराबाहेर पाऊल टाकता येईना. कोर्ट बंद, सभा रद्द. आम्ही वही-पेन घेऊन सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्हीसमोर बसलो आणि फक्त असेच कार्यक्रम पाहिले. शेजारच्या मावशी डाळ निवडत सोबतीला बसल्या होत्या.

सकाळी गच्चीवरची बाग. मग कोकणी खाद्ययात्रा. दुपारी टाकाऊतून टिकाऊ, त्यानंतर एका किल्ल्याची सफर, संध्याकाळी शास्त्रीय गायनाची मैफल आणि रात्री आफ्रिकेतले सिंह. सिंहांचा कार्यक्रम उत्तम होता, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण दिवसभरात बोलणारी, शिकवणारी, तज्ज्ञ म्हणून समोर बसलेली जेवढी माणसे दिसली त्यांची आडनावे आम्ही वहीत लिहीत गेलो. ती यादी इथे छापत नाही. वाचकांनी एक रविवार हा उद्योग स्वतः करून पाहावा.

दुपारच्या कार्यक्रमात एक बाई जुन्या साड्यांची गोधडी शिवायला शिकवत होत्या. रंग जुळवणे, टाके, किनार, सगळे छान. गोधडी शिवणे हा मन शांत करणारा छंद आहे, असे त्यांनी दोन-तीनदा सांगितले. मावशींनी सुपातून मान वर केली. ‘‘ह्याला छंद म्हनतात काय? आमी तं थंडी वाजते म्हनून शिवलं.’’

मावशींचे हे वाक्य आमच्या डोक्यातून जात नाही. गोधडी तीच, सुई तीच. पोटासाठी आणि थंडीसाठी केले तर ते राबणे, आणि फुरसतीत केले तर ती कला. बांबूची सुपे-रोवळ्या विणणारा बुरूड पिढ्यान्‌पिढ्या बुरूडच राहिला. चामड्याला आकार देणारा चांभार चांभारच राहिला. आता तेच बांबूकाम, तेच चामड्याचे काम दिवाणखान्यात छंद म्हणून येते तेव्हा त्याला वर्ग निघतात, प्रमाणपत्रे मिळतात, टीव्हीवर तास मिळतो. कामाबरोबर माणसांचीही उतरंड लावून टाकणारी ही व्यवस्था बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’मध्ये उघडी पाडली होती. तिचे नवे रूप आम्ही त्या दुपारी रंगीत पडद्यावर पाहिले.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, गोधडीत कुठे जात शोधता? शोधावी लागत नाही, ती शिवलेलीच आहे. आणि छंदाला आमचा विरोधही नाही. उलट बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात यंत्रांची बाजू घेतली ती नेमकी याच मुद्द्यावर. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन शक्य नाही, असा तो युक्तिवाद आहे. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून त्यांनीच मांडले. स्वतः त्यांनी मोठ्या वयात व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रेही काढली. म्हणजे फुरसत हा आपल्या लेखी चैनीचा नव्हे, हक्काचा विषय आहे. ज्यांना ती कधी मिळालीच नाही, त्यांच्या हातची कला फुरसत असलेल्यांच्या नावावर चढते. आमचे भांडण एवढ्यापुरते आहे.

पूर्वी सगळे चांगले होते असेही नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘आमची माती आमची माणसं’, ‘कामगार विश्व’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘किलबिल’ ही नावे त्या पिढीला आजही पाठ आहेत. आठवडाभरात काय दिसणार हे सांगणारी ‘साप्ताहिकी’सुद्धा लोक मन लावून पाहत. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर प्रेक्षकांची मंडळे उभी केली. कामगारासाठी वेगळा कार्यक्रम असावा, हे तेव्हाच्या सरकारी माणसांना सुचले. आज किती खासगी वाहिन्यांना सुचते? त्यांच्या लेखी कामगार म्हणजे जाहिरात न बघणारा प्रेक्षक.

पण ‘आमची माती’ म्हणताना ती माती कोणाच्या सातबाऱ्यावर, हा प्रश्न तेव्हाही पडद्यावर आला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तो टाळताच येत नाही. हा खोतीचा मुलूख. खोताच्या पायी कुणबी आणि महार दोघेही पिळले गेले. एप्रिल १९२९ मध्ये बाबासाहेब चिपळूणच्या परिषदांना आले आणि खोतीविरुद्ध बोलले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ मध्ये. एवढे नाट्य असलेला विषय, पण हापूसवरच्या कार्यक्रमात मोहोर, तुडतुडे, पेटी आणि भाव याच्यापुढे गाडी सरकत नाही. बाग कोणाची, कलमाला पाणी घालणारा कोण, राखणीला नेपाळहून आलेल्या गड्याची झोपडी कशी असते, हे विचारायला कॅमेरा थांबत नाही.

रत्नागिरीवरचे माहितीपट तर आता आम्हाला तोंडपाठ झाले आहेत. टिळकांचे जन्मस्थान, पतित पावन मंदिर, रत्नदुर्ग, भाट्याचा समुद्र आणि शेवटी माशाचे ताट. थिबा राजवाडा दाखवतात, पण कसा? उदास राजा, राण्या, हिरे-माणके, सूर्यास्त. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा बौद्ध होता. इंग्रजांनी त्याचे राज्य गिळून १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणून ठेवले, १९१० मध्ये हा राजवाडा बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच मेला. त्याच ब्रह्मदेशात, रंगूनला, डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब गेले होते. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीला वंदन करून गेले. या सगळ्याचा धागा जोडून एक तासाचा कार्यक्रम करायला काय अडचण आहे? विषय तयार आहे, वास्तू उभी आहे, कागदपत्रे आहेत.

दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची लेणी घ्या. कोटजाई नदीच्या काठी २९ लेणी. सुरुवात बौद्धांची, पुढे वज्रयान, त्यानंतर नाथपंथ. एका डोंगरात धर्म कसे बदलत गेले याचा असा पुरावा कोकणात दुसरीकडे सहज सापडणार नाही. पुरातत्त्व खात्याच्या म. न. देशपांड्यांनी त्यावर ग्रंथ लिहिला. मंडणगड तालुक्यातले आंबडवे म्हणजे बाबासाहेबांचे मूळ गाव, दापोलीजवळचे वणंद म्हणजे माता रमाईचे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला दोन मिनिटांची बातमी येते. उरलेल्या ३६३ दिवसांत ही गावे नकाशावरून पुसली जातात काय?

काही चांगले झाले तेही नोंदवले पाहिजे. राज्यसभा टीव्हीने २०१४ मध्ये श्याम बेनेगलांची ‘संविधान’ ही दहा भागांची मालिका दाखवली, त्यात सचिन खेडेकरांनी बाबासाहेब उभे केले. २०१९-२० मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका झाली आणि वाडीवाडीत लोकांनी ती घरातल्या कार्यासारखी पाहिली. नागपूरहून लॉर्ड बुद्धा टीव्ही, आवाज इंडिया यांसारख्या आपल्या वाहिन्याही निघाल्या. पण आपल्या माणसांना एक कडू गोष्ट सांगतो. आपणही पडद्यावर बहुतेक वेळ भाषणेच दाखवतो. आपल्या पोरांना चित्र काढायला कोण शिकवणार? आकाशातले तारे, सापांच्या जाती, मोटारीचे इंजिन, सनईचे सूर कोण समजावणार? भीमगीते गाणाऱ्या मंडळातल्या ढोलकीवाल्याची बोटे कशी फिरतात, यावर अर्धा तास कोणी का करत नाही? प्रबोधन म्हणजे फक्त भाषण, हा समज आपण कधी सोडणार?

आता कायद्याचे बोलू. बंदीची मागणी करणाऱ्यांनी १९८८ चा निकाल वाचावा. ‘होनी अनहोनी’ ही मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून लोकविज्ञान संघटना उच्च न्यायालयात गेली, तिथे मनाई मिळाली, पण सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली. दूरदर्शनवर आपली कलाकृती दाखवणे हा अनुच्छेद १९ मधल्या अभिव्यक्तीचा भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. निकाल आपल्या मित्रांविरुद्ध गेला, तरी त्यातला अधिकार आपल्या कामाचा आहे. तोच अधिकार घेऊन आनंद पटवर्धन लढले आणि ‘फादर, सन अँड होली वॉर’ हा माहितीपट दाखवण्याचा आदेश २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून मिळवला. १९९५ मध्ये क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून भांडण झाले तेव्हा याच न्यायालयाने सांगितले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. गावच्या तळ्यासारखी. तळ्यावर हक्क सांगण्याचे शिक्षण आपल्याला महाडने १९२७ सालीच दिले आहे.

आणि प्रसार भारती अधिनियम, १९९० चे कलम १२ तर आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचले असेल, शंका आहे. सामाजिक न्यायाला चालना देणे, शोषण, विषमता आणि अस्पृश्यता यांच्याशी लढणे, दुर्बल घटकांचे कल्याण साधणे, ही त्या महामंडळाची कर्तव्ये म्हणून संसदेने लिहून ठेवली आहेत. दूरदर्शनची मोफत डिश वाडीतल्या पत्र्यांवर दिसते, कारण तिला महिन्याचे पैसे पडत नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी हे कलम लिहिले तेच लोक ती बघतात.

आम्ही माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज तयार केला आहे. गेल्या तीन वर्षांत सह्याद्री वाहिनीवर कला, छंद आणि माहितीपर कार्यक्रमांचे किती तास झाले, कलम १२ मधले सामाजिक न्यायाचे कर्तव्य पार पाडण्यासाठी त्यांतले कोणते कार्यक्रम केले, रत्नागिरी जिल्ह्यात चित्रीकरण कशाकशाचे झाले, आंबडवे आणि पन्हाळेकाजी यांवरचे जुने चित्रीकरण संग्रहात आहे का आणि ते नागरिकांना कसे मिळेल, एवढेच विचारले आहे. फी दहा रुपये, उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. मसुदा ज्यांना हवा त्यांनी आपल्या तालुक्याच्या शाखेकडे मागावा, आपल्या जिल्ह्याचे नाव आणि गावे घालून पाठवावा. अर्ज मराठीत केला तरी चालतो, कायद्याने ती सोय ठेवली आहे.