१२ हिट मारून हरले, एक हिट मारून जिंकले!

आज एका मॅचच्या निकालाची गोष्ट. २६ मे १९५९, अमेरिकेतलं मिलवॉकी शहर. यजमान मिलवॉकी ब्रेव्हज विरुद्ध पिट्सबर्ग पायरेट्स. पायरेट्सनी १२ हिट मारले, ब्रेव्हजनी फक्त एक. जिंकलं कोण? ब्रेव्हज, १-० ने.

हे कसं काय? आधी थोडं बेसबॉल समजून घेऊ. क्रिकेटमध्ये बोलर, तसा इथे पिचर. एका इनिंगमध्ये प्रत्येक टीमचे तीन आऊट, अशा नऊ इनिंग. बॅटर स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोहोचला, तर तो हिट. पण रन मिळतो तो तिन्ही बेस पार करून होम प्लेटला परत आल्यावर. म्हणजे हिट भरपूर आणि रन शून्य, असंही होतं. त्या रात्री ब्रेव्हजचा पिचर ल्यू बर्डेट याने पायरेट्सना १२ हिट दिले, पण होम प्लेटपर्यंत एकालाही येऊ दिलं नाही.

आता समोरच्या पिचरकडे बघा. पायरेट्सचा हार्वी हॅडिक्स, डावखुरा, वय ३३, त्या दिवशी फ्लूने बेजार. नऊ इनिंगमध्ये त्याने सलग २७ बॅटर आऊट केले. एकालाही बेसवर पोहोचू दिलं नाही! याला म्हणतात परफेक्ट गेम. पण त्याच्याच टीमचे रन होते शून्य. बरोबरी म्हटल्यावर खेळ पुढे चालू. दहावी, अकरावी, बारावी इनिंग. हॅडिक्सने सलग ३६ जणांना आऊट केलं.

मग आली तेरावी. फेलिक्स मँटियाने मारलेला साधा बॉल डॉन होकने अडवला, पण पहिल्या बेसकडे थ्रो चुकीचा केला. मँटिया बेसवर. हा हिट नाही, फील्डिंगची चूक; पण परफेक्ट गेम संपला. पुढच्या एडी मॅथ्यूजने स्वतः आऊट होऊन मँटियाला दुसऱ्या बेसवर सरकवलं. हँक अ‍ॅरनसारख्या तगड्या बॅटरला मुद्दामच फुकट बेस दिला. आणि मग जो अ‍ॅडकॉकने बॉल थेट कुंपणापलीकडे भिरकावला. होम रन! म्हणजे तिघांचे मिळून ३-०?

थांबा. अ‍ॅरनला वाटलं, बॉल मैदानातच आहे, मँटियाच्या रनवर मॅच संपली. तो दुसऱ्या बेसनंतर धावायचं सोडून निघाला. मागून येणारा अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे गेला. नियम असा, की पुढच्या धावणाऱ्याला ओलांडलं तर ओलांडणारा आऊट. अंपायरांनी निकाल दिला २-०. त्यानंतर नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी ठरवलं, की हा होम रन धरायचाच नाही, दोन बेसचा हिट धरायचा आणि रन फक्त मँटियाचा. शेवटी निकाल १-०.

गोष्ट इथेच संपत नाही. १९९१ मध्ये मेजर लीगच्या समितीने 'नो-हिटर'ची व्याख्या पक्की केली: किमान नऊ इनिंग आणि मॅच संपेपर्यंत एकही हिट नाही. हॅडिक्सला तेराव्या इनिंगमध्ये हिट बसला होता, त्यामुळे त्याची मॅच अधिकृत यादीतून बाहेर गेली. परफेक्ट गेमच्या यादीतही ती नाही.

नियम म्हणून हे बरोबरच आहे. शेवट कसा झाला हे धरलं नाही, तर निकालाला अर्थच उरत नाही. पण निकाल फक्त कोण जिंकलं ते सांगतो. कोण कसं खेळलं ते नाही. परफेक्ट गेम टाकणारे पिचर त्यानंतरही झाले. एकाच मॅचमध्ये सलग १२ परफेक्ट इनिंग टाकणारा मात्र आजही एकच आहे, आणि रेकॉर्डमध्ये त्याच्या नावापुढे लिहिलंय: पराभूत.

तर मंडळी, पुढच्या वेळी मोबाइलवर नुसता स्कोअर बघून "अमका काही खेळलाच नाही" म्हणण्याआधी पूर्ण स्कोअरकार्ड एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!