वायनरी : काही तरल्या, काही बुडाल्या, असे का?

(द्वितीय वर्ष, कला)

मी या विषयावर लेख लिहिणार असे घरी सांगितले, तेव्हा आजी म्हणाली, "कॉलेजात पाठवलं ते दारूवर लिहायला का गं?" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण आमच्या दोन घरांच्या इतिहासात वाईनला एक जागा आहे. ती कोणी प्यायले म्हणून नव्हे, तर तिच्यासाठी कोणी द्राक्षे लावली म्हणून. कोपरगावाहून येवला ओलांडून पुढे गेले की विंचूर लागते आणि तेथून निफाड तालुक्याची द्राक्षे सुरू होतात. माझे मामा त्याच भागातले. त्यांच्या शेतात आज कांदा आहे आणि कांद्याच्या बांधावर गंजलेले लोखंडी अँगल रांगेने उभे आहेत. ते अँगल कशाचे, हा प्रश्न लहानपणी मी विचारला होता. त्याचे पूर्ण उत्तर मला यंदा अर्थशास्त्र वाचताना मिळाले.

प्रथम थोडा इतिहास पाहू. महाराष्ट्रात आधुनिक पद्धतीने वाईन करण्याचा मोठा प्रयत्न शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला केला. फ्रेंच तंत्राच्या साहाय्याने त्यांनी फेसाळ वाईन तयार केली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशातही विकली. त्यांची कंपनी पुढे 'इंडाज' या नावाने प्रसिद्ध झाली. नंतर राजीव सामंत हे अमेरिकेतील नोकरी सोडून परत आले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर १९९७ मध्ये त्यांनी वाईनची द्राक्षे लावली. त्यांच्या 'सुला'ची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, वाईनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. मग काय विचारता! पाच-सहा वर्षांत नाशिक, सांगली, पुणे या जिल्ह्यांत डझनांनी वायनरी निघाल्या. बँका कर्ज द्यायला तयार, शेतकरी बाग लावायला तयार. मामांनीही २००६ साली एक एकर लावला.

आज त्या वायनरींपैकी कितीतरी बंद आहेत. काहींच्या टाक्या दुसऱ्यांनी भाड्याने घेतल्या, तर काही विकल्या गेल्या. मात्र काही जोरात चालल्या आहेत. हवा तीच, पाणी तेच, सरकारी धोरणही तेच. मग हा फरक का पडला? माझ्या समजुतीप्रमाणे त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण खुद्द द्राक्षात आहे. आपण बाजारातून आणतो ती थॉम्पसन जातीची द्राक्षे बिनबियांची, पातळ सालीची आणि मोठ्या मण्याची असतात. व्यापाऱ्याने भाव पाडला तर शेतकरी दुसरा व्यापारी पाहतो, अगदीच काही जमले नाही तर बेदाणा करतो. वाईनच्या द्राक्षाचे तसे नाही. शिराज, कॅबर्ने सोव्हिन्यो, शेनिन ब्लाँ या जातींचा मणी लहान, साल जाड आणि आत बी. तो कोणी आवडीने खात नाही आणि त्याचा बेदाणाही होत नाही. शिवाय तोडलेले घड तातडीने गाळपाला गेले पाहिजेत, नाहीतर उन्हात ते वाटेतच आंबू लागतात. म्हणजे या मालाला गिऱ्हाईक एकच, आणि तेही हाकेच्या अंतरावर हवे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा वर्षभराचा खर्च करायचा आणि जानेवारी ते मार्चमध्ये एकाच दाराशी उभे राहायचे, असा हा व्यवहार आहे. ज्या वायनरींनी स्वतःच्या मळ्यावर भर दिला किंवा शेतकऱ्याला वेळेवर पैसे देऊन टिकवून ठेवले, त्यांना दरवर्षी चांगला माल मिळत गेला. ज्यांनी पैसे थकवले, त्यांच्याकडे पुढच्या वर्षी चांगली द्राक्षे आलीच नाहीत. सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ 'फ्रातेल्ली' ही वायनरी आहे. या इटालियन शब्दाचा अर्थ 'भाऊ' असा आहे, कारण ती मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढली. तिने आपल्याच मळ्यांतल्या द्राक्षांवर पहिल्यापासून भर दिला.

दुसरे कारण भांडवल आणि काळ यांचे गणित. द्राक्ष वर्षातून एकदाच येते. स्टीलच्या टाक्या, त्यांना थंड ठेवणारी यंत्रे, गाळपाची यंत्रे हे सगळे दोन-तीन महिने राबते आणि बाकीचे वर्ष व्याज खाते. पांढऱ्या वाईनचा रस कमी तापमानात सावकाश आंबवावा लागतो. तेव्हा भारनियमन असे, म्हणून जनरेटरही हवाच. तांबडी वाईन तर वर्ष-दीड वर्ष मुरवत ठेवावी लागते. म्हणजे शेतकऱ्याचे पैसे मार्चमध्ये द्यायचे आणि बाटलीचे पैसे पुढच्या वर्षी मिळायचे. त्यात विक्रेता उधारीवर माल घेतो. सरकारने २००९ पासून विक्रीवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत देण्याची योजना आणली. पण परतावा म्हणजे आधी भरायचे आणि मग वाट पाहायची. मोठ्याला वाट पाहता येते. लहानाचे तेवढ्यात दिवाळे निघते.

तिसरे कारण बाजाराचे. आपल्या राज्यघटनेप्रमाणे मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हाही पिण्याचे मद्य त्याच्या बाहेरच राहिले. त्यामुळे नाशिकची बाटली दिल्लीला किंवा कर्नाटकात विकायची तर प्रत्येक राज्याचा वेगळा कर, वेगळा परवाना आणि प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी. वर्षाला लाख-लाख बाटल्या विकणाऱ्याला हा खर्च परवडतो, पण काही हजार बाटल्या काढणाऱ्याची त्यात दमछाक होते. लहान वायनरीचा खरा बाजार म्हणूनच तिच्या दाराशी असतो. 'सुला'ने हे लवकर ओळखले. २००५ मध्ये तिने नाशिकला वाईन चाखण्याची खोली उघडली, २००८ मध्ये संगीताचा महोत्सव सुरू केला, पुढे राहण्याची सोयही केली. मुंबईचा माणूस मळा पाहायला आला की बाटली घेऊन जातो आणि मध्ये दलाल राहत नाही. इगतपुरीजवळ कावनईला 'व्हॅलोने' ही लहान वायनरी आहे. तीही मोजकाच माल काढून आणि पाहुण्यांची सोय करून टिकली. पुण्यात २००९ साली 'डुलाली' ही मायक्रोब्रुअरी निघाली, तिचेही गणित हेच होते. तिथे बनलेली बिअर तिथेच विकायची, असा मुळात नियमच होता. त्यामुळे वाहतूक नाही, बाटली नाही, उधारी नाही. आजूबाजूला शहर असले की हे जमते. विंचूरच्या माळावर शेड टाकून मुंबईच्या दुकानाची वाट पाहणाऱ्याला ते जमले नाही.

चौथे कारण वेगाचे. २००८ हे वर्ष या धंद्याला फार वाईट गेले. जगभर मंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. परदेशी पाहुणे थांबले, मोठी हॉटेले ओस पडली, आणि वाईनचे मोठे गिऱ्हाईक तर तीच होती. त्याच सुमारास २००६-०७ मध्ये लावलेल्या बागा भरात आल्या. एकीकडे माल वाढला, दुसरीकडे मागणी घटली. ज्यांनी कर्ज काढून झपाट्याने पसारा वाढवला होता, ते यात सापडले. 'इंडाज'ने तर ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधले उद्योग विकत घेतले होते. ज्यांनी या राज्यात पहिली वाट पाडली, त्यांचीच कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली कोसळली. पहिला असणे म्हणजे टिकणे नव्हे, हा धडा मला यात दिसतो. काहींनी वेळीच मोठ्या घराचा आसरा घेतला. नाशिकची 'यॉर्क' ही वायनरी २०२१ मध्ये 'सुला'कडे गेली. 'सुला' स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात उतरली.

इथवर वायनरींचे झाले. पण वायनरी बुडाली की कोण बुडते?

मामांच्या बागेचा पहिला माल २००८ मध्ये गेला, त्याचे पैसे मिळाले. २०१० मध्ये निम्मेच मिळाले. २०११ मध्ये ज्या वायनरीशी करार होता, तिने माल उचललाच नाही. घड वेलीवरच सुकले. करार लेखी होता, पण त्यात माल घेतला नाही तर काय, हे कुठेच लिहिलेले नव्हते. मामाचा मोठा मुलगा, माझा दादा, त्या वर्षी बारावीत होता. पुढच्या प्रवेशाची फी त्याच बागेवर ठरलेली होती. त्याने कॉलेजचा अर्ज आणला, भरला आणि नेऊन दिला नाही. २०१२ मध्ये बाग तोडली. तारा भंगारात गेल्या. काही अँगल मात्र इतके खोल रोवलेले होते की निघालेच नाहीत. दोन्ही घरांतून कॉलेजात आलेली मी पहिली. माझ्या पहिल्या वर्षाची फी दादाने भरली. मामा एवढेच म्हणाले, "पोरी, गिऱ्हाईक एकच असलं ना, की माल आपला राहत नाही."

या वाक्यावर मी खूप विचार केला. आपल्या तालुक्यात उसाचेही तसेच आहे. ऊसही तोडला की लगेच गाळावा लागतो आणि त्यालाही कारखान्याशिवाय गिऱ्हाईक नाही. साकरवाडीचा सोमय्यांचा कारखाना जुना. नंतर कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांच्या आसवन्यांत मळीपासून अल्कोहोलही तयार होते. पण उसाला केंद्र सरकार किमान दर ठरवते, आणि ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ चा आदेश आहे. तो नेहमी पाळला जातो असे नाही, तरी भांडायला एक कागद हाती असतो. सहकारी कारखान्यात तर शेतकरी सभासद असतो आणि त्याला मत असते. वाईनच्या द्राक्षाला असा दर नाही आणि पिकवणाऱ्याला मतही नाही. वायनरी टिकली तर तिचा मालक शहाणा ठरतो. बुडाली तर मात्र शेतकऱ्याने लोभ केला, असे म्हणतात.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकण्याची परवानगी देण्याचे ठरवले, ते शेतकऱ्यांच्या भल्यासाठी असे सांगून. आपल्याच जिल्ह्यातील अण्णा हजारे यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो निर्णय अमलात आला नाही. दारू घराघरांत जाऊ नये, हे आजीला पटते आणि मलाही पटते. पण त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचे नाव घेतले गेले, त्याच्या कराराविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. बाटली कोणत्या दुकानात ठेवायची यापेक्षा, द्राक्षाचे पैसे किती दिवसांत द्यायचे, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

तेव्हा, मित्रमैत्रिणींनो, एखादा धंदा का चालला हे पाहताना त्याच्या मालाला किती गिऱ्हाइके आहेत, त्याचे पैसे किती काळ अडकून पडतात, तो आपल्या दाराशी किती विकतो आणि किती वेगाने धावतो, हे आधी पाहावे. आणि पाचवी गोष्ट पुस्तकात सहसा नसते : धोका कोणाच्या शेतात रोवलेला आहे. मामांच्या बांधावरच्या त्या अँगलना आता शेळ्या बांधतात. दिवाळीत गेले होते तेव्हा दादा म्हणाला, "राहू दे उभे. कोणी नवीन करार घेऊन आला तर आधी ते दाखवायचे."