बावन्न चेंडू, बावन्न धावा

२ एप्रिल २०११ ची संध्याकाळ. जालन्यात गांधी चमनजवळच्या एका दुकानातल्या टीव्हीपुढे आम्ही वीस-पंचवीस जण उभे. विश्वचषकाची अंतिम लढत, श्रीलंकेच्या २७४ धावा. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर गेला आणि ३१ वर सचिन. ‘संपलं, चला घरी!’ म्हणत निम्मी गर्दी पांगली. मीही सायकल काढली.

तेवढ्यात मोंढ्यातले एक मुनीमजी म्हणाले, ‘मास्तर, हिशेब ऐकून तर जा.’

मंडळी, हिशेब सोपा असतो. उरलेल्या धावांना उरलेल्या चेंडूंनी भागायचं, सहानं गुणायचं. षटकामागे किती धावा हव्यात ते कळतं. सुरुवातीला साडेपाच हव्या होत्या. सचिन गेला तेव्हा २६३ चेंडूंत २४४, म्हणजे साडेपाचच्या किंचित वर. ‘गडी गेले, भाव तोच आहे!’ मी सायकल स्टँडवर लावली.

कोहली बाद झाल्यावर युवराजऐवजी धोनी आला, तेव्हा मात्र भांडणच जुंपलं. गंभीर डावखुरा, युवराजही डावखुरा. आणि मुरलीधरनचा ऑफस्पिन डावखुऱ्यापासून बाहेर वळतो. उजव्या हाताचा फलंदाज येणं शहाणपणाचं होतं. पण ते त्या वेळी सांगणार कोण, आणि ऐकणार कोण!

गंभीर ९७ वर गेला तेव्हा हव्या होत्या ५२ चेंडूंत ५२. ‘चेंडूला धाव. आता रोखीचा व्यवहार,’ मुनीमजी म्हणाले.

धोनीनं षटकार मारला तेव्हा दहा चेंडू शिल्लक होते. पांगलेली मंडळी तोवर परत येऊन पुढे उभी राहिली होती. त्यांच्या डोक्यांमुळे मुनीमजींना तो षटकार दिसलाच नाही.