आकाशातील संभाषण

'ध' चा 'मा' केल्याची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. 'धरावे' या शब्दातील एक अक्षर कोणी बदलले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला, अशी ती कथा. ती खरी की दंतकथा, हा वाद आपण इतिहाससंशोधकांवर सोपवू. मला तिच्यातील दुसरीच गोष्ट लक्षणीय वाटते. आज्ञा घेणाऱ्याने ती जशी मिळाली तशी, शब्दशः, देणाऱ्याला परत वाचून दाखवली असती, तर तो एका अक्षराचा फेरफार तिथल्या तिथे उघडकीस आला असता. आजच्या विमानविद्येत अशी परत वाचून दाखवण्याची सक्ती आहे, आणि हजारो माणसांचे प्राण दररोज तिच्यावर अवलंबून असतात.

मी हे बोलतो आहे ते बंगळूर शहराविषयी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० साली येथे विमानांचा कारखाना काढला, तेव्हापासून या शहराचे आणि विमानांचे नाते जडले. आज शहराच्या उत्तरेस देवनहळ्ळी येथे २००८ साली सुरू झालेला मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. त्याच्या अलीकडे येलहंका येथे हवाई दलाचे ठाणे आहे. आणि येलहंक्याच्या अगदी शेजारी जक्कूर येथे राज्य शासनाची वैमानिक-शिक्षणशाळा व लहान विमानांची धावपट्टी आहे. पूर्वेस जुन्या कारखान्याची धावपट्टी आहेच. शेजारशेजारच्या धावपट्ट्या वैमानिकाला किती चकवू शकतात हे मुंबईकरांना सांगायला नको. १९७२ साली एक जपानी जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरले होते! अशा दाटीत नियंत्रकाचा आवाज हाच वैमानिकाचा वाटाड्या असतो.

एके काळी या आवाजाची गरजच नव्हती. मनोऱ्यावरून हिरवा दिवा स्थिर दिसला की उतरावे, तांबडा दिसला की इतरांना वाट देऊन घिरट्या घालीत राहावे, आणि उमजले हे सांगण्यासाठी विमानाचे पंख डोलवावेत, असा मूक व्यवहार होता. रेडिओ बंद पडल्यास तो आजही उपयोगी पडतो. परंतु गर्दी वाढली आणि संवाद शब्दांवर आला; आणि शब्द आले की त्यांचे रुसवेफुगवेही आले.

प्रवासी कंपनीचा वैमानिक दिवसातून कित्येकदा नियंत्रकाशी बोलतो. त्याच्या शेजारी ऐकायला दुसरा वैमानिक असतो. खासगी वैमानिकाची स्थिती निराळी. तो महिन्यातून एखाद्या रविवारी उडतो. विमान सांभाळणे, नकाशा पाहणे, ढग टाळणे आणि बोलणे ही सारी कामे त्या एकट्याची. नियंत्रक मात्र मोठ्या विमानांशी बोलण्याच्या सवयीने भरभर बोलत असतो. त्यातून ही वाट सार्वजनिक: एकाने बोललेले त्या लहरीवरील सर्वांना ऐकू येते. चारचौघांत आपले अज्ञान दिसेल या भीतीने नवखा माणूस न समजलेल्या गोष्टीलाही होकार देतो. माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचे मूळ यंत्रात नसून या भिडेत आहे.

होकाराचेच पाहा. 'रॉजर' म्हणजे 'ठीक आहे, करतो' असा पुष्कळांचा समज आहे. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा संदेश मला मिळाला. 'करतो' यासाठी 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. आमच्या कचेरीतही हा घोटाळा नित्याचा आहे. वरिष्ठाने टिपणीखाली 'पाहिले' असे लिहून सही केली की खालचा कारकून ते 'मंजूर' समजून कामाला लागतो! कचेरीत त्याचे फळ एखादे स्पष्टीकरणपत्र. आकाशात मात्र स्पष्टीकरण मागायला कोणी उरेलच असे नाही. म्हणूनच उंची, दिशा, धावपट्टीचा क्रमांक, उतरण्याची वा उडण्याची परवानगी यांना नुसते 'रॉजर' चालत नाही. प्रत्येक अंक परत म्हणून दाखवावा लागतो.

आणि परत म्हणणे पुरेसे नाही, ते कोणी ऐकलेही पाहिजे. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला नियंत्रकाने दोन हजार चारशे फुटांवर उतरण्यास सांगितले. त्याने अंक सुटे उच्चारले: 'टू फोर झीरो झीरो'. इंग्रजीत दोन या अर्थाचा 'टू' आणि 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' यांचा उच्चार एकच. वैमानिकाला ऐकू आले, 'चारशेपर्यंत'. त्याने 'फोर झीरो झीरो' असे परत म्हटलेही. पण ते कोणी दुरुस्त केले नाही. विमान टेकडीवर आदळले आणि आतील चौघेही गेले. आपल्याकडे एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत दूरध्वनीवर जशी गल्लत होते, तशीच ही. शून्यापासून नऊपर्यंतचे अंक ठराविक उच्चारांनीच बोलावेत, 'नाइन'चे 'नाइनर' करावे, हे नियम अरसिक वाटतात खरे, पण ते असे रक्ताने लिहिले गेले आहेत.

याच्या उलट दोषही घातक ठरतो: नेमका शब्द न उच्चारणे. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाचे एक विमान न्यूयॉर्कजवळ ताटकळत होते. इंधन संपत आले आहे, प्राधान्य द्या, असे वैमानिकांनी सांगितले. परंतु 'आणीबाणी' हा शब्द किंवा 'मेडे' ही संकटाची हाक त्यांनी दिली नाही. नियंत्रकाने त्या विनंतीचे वजन ओळखले नाही. इंधन संपले, विमान कोसळले आणि १५८ पैकी ७३ जण मरण पावले. संकोच सोडून संकटाला संकट म्हणणे हेही शिकावे लागते.

दोष नेहमी वैमानिकाचाच असतो असेही नाही. ७ जानेवारी २०२२ च्या सकाळी देवनहळ्ळीच्या दोन समांतर धावपट्ट्यांवरून कोलकाता आणि भुवनेश्वर येथे जाणारी दोन विमाने जवळजवळ एकाच वेळी उडाली आणि एकमेकांकडे वळू लागली. एकच धावपट्टी वापरावी असे मनोऱ्यात ठरले होते. पण दुसऱ्या धावपट्टीच्या नियंत्रकाला ते कळवलेच गेले नव्हते. रडारवरील नियंत्रकाने वेळीच दिशा बदलायला लावून चारशेहून अधिक प्रवासी वाचवले. एकाच छताखालील माणसांत असे घडू शकते, तर शेकडो फुटांवर एकट्या उडणाऱ्या हौशी वैमानिकाविषयी काय बोलावे?

उपाय अवघड नाहीत. बटण दाबण्यापूर्वी क्षणभर ऐकावे, कारण दोघे एकदम बोलले तर दोघांचेही बोलणे कर्कश आवाजात बुडते. मग चार गोष्टी याच क्रमाने सांगाव्यात: कोणाला हाक मारतो, मी कोण, कोठे आहे, काय हवे. न समजल्यास 'से अगेन' म्हणावे. ते म्हणण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे रेडिओवर बोलण्याचा परवाना आजवर दूरसंचार खात्याच्या परीक्षेने मिळत असे. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते काम नागरी विमान-वाहतूक महासंचालनालयाकडे आणले आहे. उडणे आणि बोलणे ही एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हे त्यामुळे कागदावर तरी मान्य झाले, याचा मला प्रशासक म्हणून विशेष आनंद वाटतो.

परीक्षेने भीड मात्र जात नाही. ती ओळखीने जाते. शिकाऊ वैमानिकांनी एक दिवस मनोऱ्यात बसून तेथील धांदल पाहावी, आणि नियंत्रकाने लहान विमानात बसून एका हाताने ते आवरताना बोलणे किती अवघड असते ते अनुभवावे. ब्रिटनमध्ये शिकाऊ वैमानिक एकटा उडत असता आपल्या विमानाच्या नावाआधी 'स्टुडंट' हा शब्द लावतो. तो ऐकताच नियंत्रक आपली गती कमी करतो, एका वेळी एकच सूचना देतो आणि उत्तराची वाट पाहतो.