अवटुग्रंथीची मंदता आणि रक्तपरीक्षेचे आकडे

मानेच्या पुढील भागी, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची एक लहानशी ग्रंथी असते. तिला अवटुग्रंथी म्हणतात. व्यवहारात ती थायरॉइड या नावानेच ओळखली जाते. हिचे कार्य मंदावले की थकवा येतो, थंडी सोसवत नाही, त्वचा कोरडी पडते. डॉक्टर रक्त तपासावयास सांगतात आणि रोग्याच्या हाती येणाऱ्या कागदावर टी.एस.एच. या अक्षरांपुढे १८ किंवा ४० असा, प्रमाणाबाहेर वाढलेला आकडा असतो. ग्रंथी मंद आणि आकडा मोठा! आपली ग्रंथी जादा काम करीत आहे, असा समज होणे अशा वेळी साहजिक आहे. परंतु त्या समजापायी गोळी बंद केली, तर अनर्थ ओढवतो.

वस्तुतः हा आकडा अवटुग्रंथीच्या स्रावाचा नव्हेच. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पोषग्रंथी असते, टी.एस.एच. हा तिचा स्राव होय. रक्तात थायरॉक्सिन कमी पडू लागले की ती अवटुग्रंथीमागे तगादा लावते, आणि मागणी पुरी झाली नाही तर तो वाढवीत जाते. तगादा जितका मोठा, तितकी वसुली कमी. शिवाय ही वाढ सरळ प्रमाणात होत नाही. थायरॉक्सिन निम्म्यावर आले तर टी.एस.एच. सुमारे शंभरपटीपर्यंत चढू शकते. म्हणूनच ही परीक्षा इतकी संवेदनक्षम आहे. आणि म्हणूनच २० चे ४० झाले म्हणजे आजार दुप्पट झाला, असे मुळीच नाही.

प्रौढ व्यक्तीत टी.एस.एच. सामान्यतः दर लिटरला ०.४ ते ४ मिलि-एकके असते. निरोगी माणसांपैकी मधल्या शेकडा ९५ जणांच्या आकड्यांवरून ही मर्यादा ठरवितात. ती प्रयोगशाळेनुसार थोडी बदलते, म्हणून आपल्याच कागदावर छापलेली मर्यादा पाहावी. टी.एस.एच. अधिक आणि मुक्त थायरॉक्सिन कमी असेल, तर ग्रंथीची मंदता स्पष्ट होय. थायरॉक्सिन मर्यादेत असून टी.एस.एच. किंचितच वाढलेले असेल, तर डॉक्टर बहुधा काही आठवड्यांनी परीक्षा पुन्हा करवितात. टी-३ हा आकडा मंदतेत बराच काळ मर्यादेतच राहतो. त्यावरून फारसा बोध होत नाही.

गोळी सुरू केल्यावर दुसऱ्याच आठवड्यात रक्त तपासून निराश होण्यात अर्थ नाही. थायरॉक्सिनची रक्तातील मात्रा निम्मी होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे नवी पातळी स्थिरावून पोषग्रंथीचा तगादा थंडावण्यास वेळ लागतो. परीक्षा ६ ते ८ आठवड्यांनी करावी. गर्भवती स्त्रीने मात्र इतके थांबू नये. आरंभीच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते आणि मातेची गरजही वाढते. म्हणून दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे.

गोळी उपाशीपोटी घ्यावी. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून ४ तास दूर ठेवाव्यात. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील बायोटिन काही परीक्षापद्धतींत टी.एस.एच. खोटेच कमी दाखविते. ते किमान दोन दिवस आधी थांबवावे आणि तसे डॉक्टरांना सांगावे.

पुढे आकडा मर्यादेत येतो आणि गोळी सोडण्याचा मोह होतो. तो आकडा बहुधा गोळी पुरी पडत असल्याची साक्ष असतो, ग्रंथी सुधारल्याची नव्हे. १८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या डॉक्टराने अशा एका ४६ वर्षांच्या स्त्रीला मेंढ्यांच्या अवटुग्रंथीचा अर्क टोचला. पुढे तो ती पोटात घेऊ लागली. ती आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या.