प्लेटलेट्स आणि धमनीकाठिण्य

रक्तातील प्लेटलेट्स, म्हणजे 2 ते 3 मायक्रॉन व्यासाच्या, केंद्रक नसलेल्या चपट्या पेशिका, केवळ रक्तस्राव थांबवत नाहीत, तर धमनीकाठिण्यातही, म्हणजे धमनीच्या भिंतीत चरबी साचून व दाह होऊन ती कठीण होण्यातही, सहभागी असतात.

धमनीचे अस्तर बिघडले की त्याला चिकटलेली प्लेटलेट पी-सिलेक्टिन हे प्रथिन पृष्ठभागावर आणते आणि केमोकाइन हे संदेशवाहक रेणू सोडते. त्यांच्या हाकेने मोनोसाइट या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि तेथे कोलेस्टेरॉल गिळून फेसाळ पेशी बनतात.

अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधील थ्रॉम्बॉक्सेन या संदेशवाहकाची निर्मिती रोखते आणि हा परिणाम तिच्या 7 ते 10 दिवसांच्या आयुष्यभर टिकतो. मात्र त्यामुळे रक्तस्रावाचा धोकाही वाढत असल्याने हे औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय सुरू वा बंद करू नये.